सोळाशे वॅट

प्रवासवर्णनाचा पेपर आम्हाला दुसऱ्या वर्षाला होता. समुद्र, घाट, देवळं, परक्या गावातली माणसं, रेल्वेच्या डब्यातल्या गप्पा, सगळं त्यात वाचलं. पण रात्री मुक्कामाला पोचल्यावर प्लग कुठे होता, हे कुठल्या लेखकाने लिहिलेलं मला आठवत नाही. त्यांना गरज पडली नसेल. आम्हाला होती. गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही बेळगावहून वेलांकणीला गेलो. ती जवळपास हजार किलोमीटरची वाट माझ्या डोक्यात गावांच्या नावांपेक्षा वॅटच्या आकड्यांनीच जास्त राहिली आहे.

आधी थोडं मागचं सांगते. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा माझी आज्जी, म्हणजे पप्पांची आई, अठरा दिवस हॉस्पिटलात होती. पप्पांनी तेव्हा नवस बोलला, "ही घरी परत आली तर मी हिला वेलांकणीच्या आरोग्यमातेकडे स्वतः घेऊन येईन." आज्जी घरी आली, पण फुप्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत. दिवसा बसून असली तर बरी असते, जिने चढली की धाप लागते आणि रात्री झोपताना तिला ऑक्सिजन लावावा लागतो. त्यासाठी पलंगाशेजारी कॉन्सन्ट्रेटर आहे. छोट्या कपाटाएवढं हे यंत्र खोलीतली हवा आत ओढतं, तिच्यातला नायट्रोजन बाजूला काढतं आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून नाकाशी आणून सोडतं. दर थोड्या सेकंदांनी ते 'फुस्स' करतं. आमच्या घरात आता त्या आवाजाशिवाय कुणाला झोप लागत नाही.

नवस बोलून चार वर्षं झाली. दरवर्षी पप्पा म्हणायचे, "या वर्षी जाऊ या," आणि दरवर्षी मम्मी विचारायची, "रात्रीचं काय?" रेल्वेत रात्रभर यंत्र चालेल याची खात्री नव्हती. लॉज म्हणावं तर उत्सवाच्या दिवसांत तळमजल्यावरची खोली मिळणं कठीण. शेवटी मार्ग काढला काकांनी. त्यांचा ट्रॅव्हल्सचा धंदा आहे. त्यांनी एक जुनी टेंपो ट्रॅव्हलर कॅम्पर म्हणून बांधून घेतलेली होती. आत झोपायला चार बर्थ, घरातला असतो तसा एका दाराचा फ्रीज, छोटं ओट्यासारखं फळकूट आणि मागच्या बाजूला खिडकीत बसवलेला एक टनाचा एसी. अमेरिकेत याला आरव्ही म्हणतात आणि लोक महिनोन्महिने त्यात राहतात. आमच्या मामांकडे टेक्सासमध्ये अशी गाडी आहे. काकांच्या गाडीचे फोटो बघून मामा म्हणाले, "अरे वा, सगळं आहे की! फक्त वीज कुठून येणार?"

प्रश्न बरोबर होता. गाडी चालू असताना काळजी नव्हती, कारण तेव्हा गाडीच्याच बॅटरीवर इन्व्हर्टर लावून कॉन्सन्ट्रेटर चालत होता. पण मुक्कामाला इंजिन बंद केल्यावर ती बॅटरी दोन-तीन तासांत बसली असती आणि सकाळी गाडीही सुरू झाली नसती. म्हणून पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर भाड्याने आणला. हातात धरून दोघांनी उचलावा एवढाच, लाल रंगाचा, सुटकेससारखा. भाड्याने देणाऱ्याला काकांनी विचारलं, "यावर काय काय चालतं?" तो म्हणाला, "सगळं चालतंय की. दोन केव्हीए हाय."

या 'सगळं चालतंय'वर माझा विश्वास बसला नाही. त्याला कारण मामा. त्यांनी फोनवर मला एक वही घ्यायला सांगितली. "अगं, तू साहित्याची विद्यार्थिनी आहेस ना? मग नीट लिहून ठेव. प्रत्येक वस्तूचे दोन आकडे असतात. एक चालतानाचा आणि एक सुरू होतानाचा. आमच्याकडे नवीन आरव्ही घेणारा प्रत्येक जण पहिला आकडा बघतो आणि दुसऱ्यापाशी अडकतो."

मग मी घरभर आणि गाडीभर फिरले, प्रत्येक वस्तूच्या मागची पट्टी वाचली आणि लिहून काढलं. जनरेटर दोन केव्हीएचा असला तरी सतत देऊ शकणार १६०० वॅट. कॉन्सन्ट्रेटर ३२०. फ्रीज चालताना साधारण १२०. टेबलफॅन ५०. एलईडी दिवे दोन, मिळून १८. मोबाइलचे चार्जर प्रत्येकी पंधरा-वीस. विजेची किटली १५००. एसी चालताना ११००. नुसती बेरीज केली तर किटली सोडून बाकी सगळं मिळून १६०० च्या आसपास येतं. म्हणजे भाडेवाल्याचं बरोबर वाटावं.

पण दुसरा आकडा मध्ये येतो. किटली, इस्त्री, बल्ब यांचं सरळ असतं, जेवढं लिहिलंय तेवढंच घेतात. मोटर असलेल्या वस्तूंचं तसं नाही. फ्रीजचा किंवा एसीचा कॉम्प्रेसर थांबलेला असतो तेव्हा त्याला जागचा हलवायला खूप जास्त करंट लागतो. भरलेली हातगाडी पहिल्यांदा ढकलताना जो जोर लागतो, तो ती चालायला लागल्यावर लागत नाही, तसंच. मोटर फिरायला लागली की स्वतःच उलटा दाब तयार करते आणि करंट खाली येतो. हा पहिला झटका सेकंदाच्याही छोट्या भागाचा असतो, पण जनरेटरला तो झेपला नाही तर पुढचं काही होतच नाही. मामा म्हणाले, "एसीला चालतानाच्या तिप्पट तरी धर." म्हणजे ३३००. आमचा जनरेटर थोडा वेळ जोर लावून दोन हजारांपर्यंत गेला असता. मी वहीत एसीच्या पुढे फुली मारली.

मामांच्या गाडीत छतावर साडेतेरा हजार बीटीयूचा एसी आहे. तो छोट्या जनरेटरवर चालावा म्हणून त्यांनी कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारं एक वेगळं यंत्र बसवून घेतलंय, त्याला सॉफ्ट स्टार्टर म्हणतात. शिवाय त्यांचा फ्रीज गॅसवरही चालतो, त्यामुळे त्याचा भार जनरेटरवर येत नाही. आमच्याकडे यातलं काही नव्हतं आणि निघायला आठ दिवस राहिले होते.

आणखी एक गोष्ट मला जनरेटरच्या पुस्तिकेत सापडली. उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते, दर तीनशे मीटरला साधारण साडेतीन टक्के. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर, तुमकूर आठशेच्या आसपास, बेंगळुरू नऊशे. म्हणजे आमच्या वाटेच्या पहिल्या अर्ध्या भागात १६०० चे साडेचौदाशेच धरायचे. खाली तामिळनाडूच्या सपाटीला उतरलं की पुन्हा १६००. मी हे जेवताना सांगितलं तर पप्पा हसून म्हणाले, "बघा, जनरेटरलासुद्धा धाप लागते म्हणे." आज्जी म्हणाली, "मग तोही माझ्याच वयाचा असंल."

रात्रीचा हिशेब वेगळा लिहिला. कॉन्सन्ट्रेटर, फ्रीज, एक फॅन, एक दिवा. मिळून पाचशेच्या आत. एवढ्या कमी भारावर साडेतीन लिटरची टाकी सात तास जाते. नंतर इंजिन बंद करायचं, थंड होऊ द्यायचं आणि मगच पेट्रोल भरायचं. त्या मधल्या वेळासाठी आणि काही बिघडलं तर म्हणून दोन छोटे ऑक्सिजन सिलिंडर बरोबर घेतले. एका सिलिंडरमध्ये दीड घनमीटर म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. आज्जीला मिनिटाला दोन लिटर लागतो. म्हणजे ७५० मिनिटं, साडेबारा तास. हे गणित करताना माझा हात थोडा थांबला होता. शाळेत टाकीला किती नळ लावले तर ती किती वेळात रिकामी होईल अशी गणितं असायची. त्या टाकीच्या दुसऱ्या टोकाला कुणी बसलेलं नसायचं.

मामांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला तो धुराबद्दल सांगायला. पेट्रोलच्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं, मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. म्हणून जनरेटर गाडीत नाही, गाडीखाली नाही, खिडकीशी नाही. निदान वीस फूट लांब आणि धुराचं तोंड आपल्याकडे नको. "आणि अलार्म घे," असं ते तीनदा म्हणाले. बॅटरीवर चालणारा अलार्म मी ऑनलाइन मागवला आणि आज्जीच्या बर्थशेजारी लावला. आत एक यंत्र तिला ऑक्सिजन देणार आणि त्याला वीज देणारं बाहेरचं यंत्र असा वायू सोडणार, जो तोच ऑक्सिजन रक्तात जाऊ देत नाही. हे कळल्यावर मम्मीने वीस फुटांची जाड वायर परत केली आणि तीस फुटांची आणली.

तर असे आम्ही आठ जण निघालो. पप्पा, मम्मी, आज्जी, काका, काकी, त्यांची चार वर्षांची छोटी, माझा भाऊ आणि मी. हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग मागे पडलं. पहिला मुक्काम तुमकूरच्या अलीकडे एका धाब्यामागच्या मोकळ्या जागेत. पेट्रोल पंपावर थांबणं सोयीचं असतं, पण तिथे जनरेटर चालवणं शक्यच नव्हतं.

पहिल्या रात्री वहीप्रमाणे सगळं झालं. ज्याचा झटका मोठा ते आधी, म्हणून पहिल्यांदा फ्रीज, तो स्थिर झाला की कॉन्सन्ट्रेटर, मग फॅन, मग दिवा. भाऊ बाहेर जनरेटरपाशी, मी आत, आणि आम्ही एकमेकांना ओरडून सांगतोय. आज्जी जपमाळ हातात घेऊन बघत होती. म्हणाली, "मिस्सेला उभं राहायचं, बसायचं ठरलेलं असतं, तसं चाललंय तुमचं."

अडचण आली दुधाची. छोटीला झोपताना गरम दूध लागतं. काकीने किटली काढली. मी म्हटलं, "काकी, नाही चालणार. दीड हजारांची आहे." तिने विचारलं, "पाच मिनिटांचं तर काम. तेवढ्यात आईंचं मशीन जरा बंद ठेवलं तर?" ती वाईट मनाने म्हणाली नव्हती. आज्जी तेव्हा बसलेली होती, बोलत होती, पाच मिनिटांनी काही झालंही नसतं. पण मी वही दाखवली. या उंचीवर जनरेटर देणार साडेचौदाशे, एकटी किटलीच मागते पंधराशे. मशीन बंद करूनही चालणार नाही. शेवटी गाडीबाहेर, सिलिंडरपासून लांब, छोटी गॅसची शेगडी लावली आणि दूध तापवलं. तिथून पुढे किटली आम्ही परत बाहेर काढली नाही. मला वाटलं विषय संपला. पण आज्जीने ते वाक्य ऐकून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बेंगळुरू ओलांडून होसूर, सेलम करत रात्री तिरुचिरापल्लीच्या बाहेर पोचलो. ट्रक उभे करायचं मोठं मैदान होतं. इथला उकाडा आम्हा बेळगावकरांना सोसणारा नव्हता. आमच्याकडे सप्टेंबरात रात्री चादर लागते. इथे रात्री दहा वाजताही पत्रा तापलेला होता. हवा हलत नव्हती. छोटीच्या अंगावर घामोळं उठलं आणि ती रडायला लागली. अर्धा तास, पाऊण तास. काका दिवसभर गाडी चालवून दमलेले. ते उठले आणि म्हणाले, "एकदा एसी लावून बघू या. आता आपण खाली उतरलोय, ताकद वाढलीय म्हणतेस ना?"

मी "काका, नको" म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलं. बाहेर जनरेटरचा आवाज एकदम खोल गेला, जनरेटरवर लाल दिवा लागला आणि आत अंधार. इंजिन चालूच होतं, पण वीज बंद. या जनरेटरचं तसंच असतं, भार जास्त झाला की तो स्वतःला वाचवतो आणि वीज तोडतो. त्याच क्षणी कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म लागला, तो लांबलचक, कानात घुसणारा. छोटी रडायची थांबली, इतका. मम्मीने टॉर्च दातात धरला, आज्जीची नळी यंत्रातून काढून सिलिंडरला लावली आणि चावी फिरवली. मिनिटसुद्धा लागलं नाही. घरी आम्ही याची तालीम केली होती. भावाने जनरेटर बंद करून पुन्हा सुरू केला, फ्रीज, मशीन, फॅन, दिवा, त्याच क्रमाने. काका काही बोलले नाहीत. छोटीला उचलून बाहेर गेले आणि मैदानात फेऱ्या मारत राहिले.

रात्री कधीतरी मला जाग आली. का आली ते कळायला थोडा वेळ लागला. जनरेटर लांब चालू होता. फॅन फिरत होता. 'फुस्स' नव्हतं. मी उठून बघितलं तर आज्जी बर्थवर उठून बसलेली, नळी नाकातच, पण यंत्राचं बटण बंद. वीज गेली तर यंत्र ओरडतं, आपण हाताने बंद केलं तर ओरडत नाही. फॅनचं तोंड तिने छोटीकडे फिरवलं होतं.

"आज्जी, काय करतेस?"

"काकाला उठव," ती हळू आवाजात म्हणाली. मधे श्वास घेत. "आता लाव म्हणावं तो एसी. माझं बंद केलंय. पोरगी झोपेल जरा."

मी आधी बटण चालू केलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला. ८६ होतं. बोलायचं सुचत नव्हतं, म्हणून तिच्याशेजारी बसून आकडा बघत राहिले. ८८, ९०. ९२ झाल्यावर मी वही काढली आणि टॉर्चच्या उजेडात तिला दाखवली. आज्जी सातवी शिकलेली आहे, मराठी शाळेत, आणि हिशेबात घरात कुणाला हार जात नाही.

मी म्हटलं, "हे बघ. जनरेटर देतो सोळाशे. फार ताणला तर दोन हजार. एसीला सुरू व्हायला लागतात तेहतीसशे. तुझं मशीन घेतं तीनशे वीस. ते बंद करून एसीला काय मिळालं?"

तिने आकड्यांवरून बोट फिरवलं. "तेराशे कमीच पडतात की."

"तुझं चालू असो नाहीतर बंद, एसी सुरू होणारच नाही. तू मशीन बंद करून छोटीला काहीच दिलं नाहीस आज्जी. नुसता श्वास घालवलास."

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला वाटलं माझ्यामुळे सगळ्यांचं अडतंय. परवा दुधाचंही तसंच झालं."

"दुधाचंही तुझ्यामुळे अडलं नव्हतं." मी तुमकूरचं पान काढलं आणि तेही दाखवलं. साडेचौदाशे, पंधराशे.

"असं होय," ती म्हणाली. आणि आडवी झाली.

मला नंतर झोप लागली नाही. मी आमच्या घराबद्दल विचार करत राहिले. घरात काही कमी पडलं की आधी आपलं बंद करायचं, हे आज्जीने आयुष्यभर केलंय. भाजी कमी पडली की तिला भूक नसते. पाहुणे आले की तिला खाली सतरंजीवर झोपायला आवडतं. मम्मीही आता तशीच व्हायला लागली आहे. आम्ही त्याला त्याग म्हणतो, चर्चमध्ये ऐकतो, निबंधात लिहितो आणि त्याबद्दल आदर बाळगतो. पण त्या त्यागाने दुसऱ्याला नेमकं किती मिळालं, हे कुणी मोजून बघत नाही. मोजायची पद्धतच नाही. त्या रात्री पहिल्यांदा ते मोजता आलं आणि उत्तर शून्य आलं. आज्जीचं प्रेम शून्य नव्हतं, हे मला कळतं. पण तिचा श्वास घेणं ही इतरांच्या वाटणीतून उचललेली गोष्ट आहे, असं तिला वाटत होतं आणि ते चुकीचं होतं. प्रेमाने समजावून ती ऐकली नसती. "तू आम्हाला हवी आहेस" असं पप्पा तिला चार वर्षं सांगतायत. तिने ऐकलं ते तीनशे वीसला.

सकाळी मी हे सगळ्यांना सांगितलं. काकी रडली. काकांनी एसीची वायर मागून काढून गुंडाळून ठेवली. छोटीसाठी मग साधा उपाय निघाला. मम्मीने खिडक्यांना ओली चादर लावली, टेबलफॅन त्या चादरीसमोर ठेवला आणि भावाचं जाडजूड कुशन काढून तिला चटईवर झोपवलं. ५० वॅटमध्ये भागलं.

तंजावर, नागपट्टिणम करत आम्ही तिसऱ्या दिवशी वेलांकणीला पोचलो. नोव्हेनाचे दिवस, गर्दी भयंकर. २९ ऑगस्टला झेंडा चढतो तिथपासून ८ सप्टेंबरच्या सणापर्यंत लोक येतच असतात, कितीतरी भगव्या कपड्यांत आणि अनवाणी चालत. गाडी लावायला मैदानात जागा मिळाली, पण दोन्ही बाजूंना गाड्या चिकटून. आणि तिथे वेगळाच प्रश्न उभा राहिला. वीस फूट लांब ठेवायचं म्हटलं तर जनरेटर दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीशी जात होता. शेजारच्या व्हॅनमध्ये केरळचं एक कुटुंब उघड्या खिडक्यांनी झोपायच्या तयारीत होतं, दोन म्हाताऱ्या बायकांसह. आमचे वीस फूट संपत होते तिथे त्यांचे चार फूट सुरू होत होते.

पप्पा म्हणाले, "इथे नको." मामांकडून ऐकलेलं मला आठवलं. अमेरिकेत नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडवर साधारणपणे रात्री दहा ते सकाळी सहा जनरेटर बंद ठेवावाच लागतो. तिथे ज्यांना रात्री असं यंत्र लागतं ते बॅटरीवर काढतात. आम्ही तसंच केलं. दहापर्यंत मैदानाच्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, भाऊ आणि मी आळीपाळीने शेजारी बसून जनरेटर चालवला. दहाला बंद. मग आज्जीला सिलिंडर. दहा ते साडेपाच म्हणजे साडेसात तास, ९०० लिटर. सिलिंडरमध्ये पुरेसा होता आणि दुसरा न उघडलेला होता. फ्रीज रात्रभर बंद राहिला, दार न उघडल्याने आतलं गार राहिलं. त्या केरळच्या आजींना आमची भाषा येत नव्हती. सकाळी त्यांनी आज्जीच्या नळीकडे बघून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिथे उत्सवात अनेक भाषांत मिस्सा होतात, मराठीतही. आज्जी व्हीलचेअरवर बसून मराठी मिस्सेला गेली, मेणबत्ती लावली आणि पप्पांचा नवस फिटला. तिने काय मागितलं ते मी विचारलं नाही. पप्पा मात्र खूप वेळ गुडघे टेकून होते.

परतीच्या वाटेवर दोन फरक पडले. रात्री यंत्रं सुरू करायचा क्रम आता आज्जी सांगायची, बर्थवरून, वही मांडीवर घेऊन. "फ्रीज झाला? थांब. आता माझं." 'माझं' हा शब्द तिच्या तोंडून मी त्याआधी क्वचितच ऐकला होता. दुसरं म्हणजे बेंगळुरूजवळ काकीने एकदा सहज म्हटलं, "आई, तुमच्या मशीनला किती लागतं म्हणालात?" आणि आज्जी म्हणाली, "तीनशे वीस. किटलीच्या पावपटीहूनही कमी."

जनरेटर परत केला तेव्हा भाडेवाल्याने विचारलं, "चाललं ना सगळं?" काका म्हणाले, "सगळं नाही. लागतं ते चाललं."

या डिसेंबरात आमच्या पॅरिशमधलं एक कुटुंब तीच गाडी घेऊन गोव्याला जुन्या चर्चच्या फेस्ताला जाणार आहे. त्यांच्याकडे दम्याचे आजोबा आहेत, नेब्युलायझर लागतो. त्यांच्या सुनेने माझ्याकडे वही मागितली. मी ती झेरॉक्स करून दिली आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही दिला. सांगताना मी एवढंच म्हटलं, की वस्तूंची यादी करताना आजोबांना शेजारी बसवून करा आणि त्यांच्या यंत्राचा आकडा त्यांच्याच हाताने लिहून घ्या. तिने विचारलं, "त्याने काय होतं?" मी तिला तिरुचिरापल्लीची रात्र सांगितली. ती म्हणाली, "आमचे मामंजीही तसलेच आहेत. फॅनसुद्धा आमच्याकडे फिरवून झोपतात." आणि तिने वहीचं पहिलं पान वेगळं करून पर्समध्ये ठेवलं.